झुडिओमधून काय घ्यावं, काय टाळावं? (वसतिगृहाची खरेदी, बजेट ६ हजार)

सोलापूरकर

मुलगी यंदा पुण्याला इंजिनिअरिंगला चालली आहे, वसतिगृहात राहणार. कपड्यांसाठी ६ हजार बाजूला काढलेत आणि तिचं एकच टुमणं आहे, सगळं झुडिओतूनच घ्यायचं. दुकान पाहून आलो. टी-शर्ट २९९, जीन्स ७९९ अशा पाट्या. एवढ्या स्वस्तात कापड कसलं असणार, अशी शंका येते.

जाणकारांनी सांगावं:
ही नेमकी कुठली कंपनी? नाव इटालियन वाटतं.
आठवड्यातून एकदा मशीनमध्ये आणि एरवी बादलीत धुऊन कपडे वर्षभर टिकतील का?
दुकानात उभ्या उभ्या कापड कसं तपासायचं? मला सुती आणि टेरिकॉट यापलीकडे काही कळत नाही.

"ब्रँडेडच घ्या" असे प्रतिसाद कृपया नकोत. बजेट वाढणार नाही.

---

पेठेतला

नाव काहीही असो, दुकान अस्सल देशी आहे. झुडिओ म्हणजे टाटांची ट्रेंट कंपनी. टाटांचीच सौंदर्यप्रसाधनांची कंपनी लॅक्मे १९९८ साली हिंदुस्थान लिव्हरकडे गेली. त्या व्यवहारातून आलेला पैसा टाटांनी कपड्यांच्या दुकानदारीत घातला, बंगळूरचं लिटलवुड्स हे दुकान घेतलं आणि त्याचं वेस्टसाइड केलं. झुडिओ त्याच घरातलं धाकटं भावंड, २०१६ मधलं. मार्च २०२५ अखेर झुडिओची ७६५ दुकानं होती, त्यातली २ संयुक्त अरब अमिरातीत. झाराच्या भारतातल्या दुकानांतही याच ट्रेंटची स्पेनच्या इंडिटेक्सबरोबर भागीदारी आहे. त्यामुळे तरुण पोरांना काय चालतं, हे या मंडळींना चांगलं ठाऊक आहे.

परदेशी वाटणारं नाव लावायची आपल्याकडे जुनीच रीत आहे. माँटे कार्लो लुधियानाचं आणि फ्लाइंग मशीन अहमदाबादच्या अरविंदचं. उल्हासनगरच्या जीन्सवर 'मेड इन यूएसए' असायचं, त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तर सगळ्यांनी ऐकलेला असेल.

स्वस्त का, याचं उत्तर निव्वळ "कापड हलकं" एवढंच नाही. दुकानात दुसऱ्या कुणाचा माल नसतो, सगळं स्वतःच्या नावाचं. म्हणजे मधल्या ब्रँडवाल्याचा नफा वाचला. टीव्हीवर जाहिरात दिसत नाही, तो खर्च वाचला. घरपोच विक्री नाही, म्हणजे परत आलेली पार्सलं, पुन्हा इस्त्री, पुन्हा पॅकिंग हा खड्डाही नाही. ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांचा नफा त्या परतीच्या मालातच जातो. त्यावर एकेका डिझाइनची मोठी ऑर्डर. हे सगळं करूनही भाव बसला नाही, की मग कापडाच्या वजनातून आणि शिलाईतून वाचवलं जातं. तुम्हाला तपासायचं आहे ते एवढंच.

आणि ९९९ च्या आत सगळं बसवण्यामागे कराचाही भाग होता. जुलै २०१७ पासून हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी होता आणि त्यावर १२. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांची ही मर्यादा अडीच हजारांवर गेली, त्यावर आता १८ टक्के. तुमच्या खरेदीला ५ टक्केच लागेल आणि तो छापील किमतीत धरलेलाच असतो. बिलात वर वेगळा लावू द्यायचा नाही.

रिलायन्सचं यूस्टा (२०२३ मध्ये सुरू झालं, तेही सगळं ९९९ च्या आत), शॉपर्स स्टॉपचं इनट्यून, दुबईच्या लँडमार्क ग्रुपचं मॅक्स, सगळे याच गिऱ्हाइकामागे आहेत. खाली जे लोक सांगतील ते या सगळ्या दुकानांना सारखंच लागू.

---

धागादोरा

कापडाचं मी सांगतो. होजिअरीच्या धंद्यातली माणसं जे बघतात तेच तुम्ही बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आधी आतल्या शिवणीतलं लेबल वाचायचं. बाहेरच्या पुठ्ठ्याच्या टॅगवर फक्त किंमत आणि साइज बघा. खरी माहिती डाव्या बगलेखाली किंवा मानेमागे शिवलेल्या पट्टीवर असते. रोजच्या टी-शर्टला १०० टक्के कॉटन असेल तर उत्तम. ६० कॉटन ४० पॉलिएस्टर असेल तर लवकर वाळेल, कमी आटेल, पण काखेत आणि पाठीवर बॅग घासते तिथे बारीक गोळे धरेल. शुद्ध सुती कापडालाही गोळे येतात, पण तिथला धागा कच्चा, त्यामुळे गोळा तुटून पडतो. पॉलिएस्टरचा तंतू चिवट, तो गोळा धरूनच ठेवतो. म्हणून मिश्र कापड सहा महिन्यांत जुनाट दिसायला लागतं.

दुसरं वजन. टी-शर्टचं कापड जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. १४० च्या आसपास असेल तर आतलं सगळं दिसतं आणि कापड लवकर विरतं. १६० ते १८० रोजच्यासाठी योग्य. ढगळ ओव्हरसाइज टी-शर्ट २२० ते २४० चा असला तरच त्याचा खांदा नीट पडतो, नाहीतर तो नुसता लोंबतो. टॅगवर हा आकडा बहुतेक वेळा नसतो. मग टी-शर्टच्या आत हात घालून दिव्यासमोर धरायचा. पांढऱ्या कापडातून बोटांच्या रेघा स्पष्ट दिसल्या तर ठेवून द्यायचा. घरी आणल्यावर किचनच्या काट्यावर टाका. साध्या मापाचा, मीडियम, अर्ध्या बाहीचा टी-शर्ट १५० ते १७० ग्रॅम भरला तर कापड १८० च्या जवळपास आहे. ओव्हरसाइज २५० ते २८० ग्रॅम भरायला हवा.

तिसरी गोष्ट बहुतेक लोक बघतच नाहीत: पीळ. टी-शर्ट खांद्यांना धरून उभा लोंबकळत ठेवा. बगलेखालची शिवण सरळ खाली उतरली पाहिजे. ती दुकानातच इंचभर पोटाकडे सरकलेली असेल तर तीन धुण्यांनंतर आणखी सरकणार आणि टी-शर्ट अंगावर फिरल्यासारखा दिसणार. होजिअरीचा एकेरी विणीचा धागा पिळलेला असतो आणि पाण्यात पडला की तो पीळ सोडू बघतो. विणल्यावर कापडाला विसावू न देता, ताणलेलं असतानाच कापलं की हा दोष येतो. इस्त्रीने किंवा उलटं वाळत घालून तो जात नाही. एकाच गठ्ठ्यातले चार टी-शर्ट उचलून बघा, एखादा सरळ सापडतो. काही टी-शर्टना बाजूची शिवणच नसते, तिथे खालच्या दुमडीला लंबात पडणारी विणीची उभी रेघ बघायची.

मग गळा. गळ्याची पट्टी दोन्ही हातांनी डोकं जाईल एवढी ताणून सोडा. लगेच जागेवर आली पाहिजे. लाटा आल्या तर पट्टीत लायक्रा नाही किंवा शिवताना कापड ओढलं गेलंय. मागच्या बाजूला खांद्यापासून खांद्यापर्यंत आतून पट्टी लावलेली असेल तर गळा जास्त टिकतो.

शिलाई आतून बघायची. एका इंचात १० ते १२ टाके हवेत, ७-८ असतील तर ती शिवण बसता-उठता उसवते. कापड शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून हलकं ताणा. मधे दोऱ्याच्या शिड्या दिसल्या तर नको. लोंबणारा एखादा दोरा दोष नव्हे, तो कात्रीने कापायचा. ओढायचा मात्र नाही. ओव्हरलॉकचा (कापडाची कड गुंफणाऱ्या शिलाईचा) दोरा ओढला की पूर्ण शिवण हातात येते.

शेवटी विस्कोस. लेबलवर विस्कोस किंवा रेयॉन असलेल्या कुर्त्या आणि सैल पँटी हाताला रेशमासारख्या लागतात, पडतातही छान, मुलींना फार आवडतात. हरकत नाही, पण हे कापड ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. बादलीत पिळलं की तिथेच फाटायला सुरुवात. आटतंही जास्त, लांबीत दीड-दोन इंच सहज जातात. घ्यायचंच तर एक साइज मोठं, आणि मुलीला सांगून ठेवा की पिळायचं नाही, नुसतं दाबून पाणी काढायचं.

---

कांचन_म

धागादोरांनी घेताना काय बघायचं ते सांगितलं, मी धुण्याचं सांगते. वसतिगृहात कपडे वापरून जेवढे जात नाहीत तेवढे धुण्यात जातात.

रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजत टाकायची सवय सगळ्यात वाईट. गडद रंग त्यातच उतरतो आणि शेजारच्या कपड्याला लागतो. २० मिनिटं पुरे. पहिली तीन धुणी गार पाण्यात, गडद कपडे वेगळे. जे पाणी रंगीत येतं तो कापडावर नुसता बसलेला, न मुरलेला रंग असतो. तिसऱ्या धुण्यानंतरही पाणी तेवढंच रंगीत येत असेल तर रंगाई कच्ची आहे, बिल शोधा. दुकानातही पाहता येतं. ओला पांढरा रुमाल आतल्या शिवणीवर दहा वेळा घासायचा. काळ्या, लाल आणि नेव्ही ब्लूवर हे कराच. नवी गडद जीन्स मात्र या परीक्षेत हमखास नापास होते. नीळ वरवर बसणारा रंग आहे, तिला सवलत द्या. तिच्याबरोबर पांढरे बूट किंवा पांढरी पिशवी महिनाभर नको.

छापील टी-शर्ट उलटा करून धुवायचा, उलटाच वाळवायचा, चित्रावर इस्त्री फिरवायची नाही. जाड, रबरी लागणारं चित्र असेल तर घेताना ते हलकं ताणून बघा. तिथेच बारीक चिरा पडल्या तर छपाई उष्णतेने नीट पक्की केलेली नाही.

आणि पावसाळा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये खोलीत दोरीवर कपडे वाळत नाहीत, त्यामुळे सगळंच जाड सुती घेतलं तर पंचाईत होईल. दोन-तीन मिश्र कापडाचे टी-शर्ट मुद्दाम ठेवा. त्यांना घामाचा वास धरतो खरा, कारण पॉलिएस्टर अंगाचं तेल सोडत नाही. पण वापरल्या दिवशीच खंगाळून टाकले की प्रश्न मिटतो.

---

निशाचर

टॉवेल आणि चादरी तेवढ्या झुडिओतून आणू नका हो. सोलापुरात राहून पुण्यात टॉवेल विकत घेणं शोभत नाही.

---

सोलापूरकर

निशाचर, चादर-टॉवेल चाटी गल्लीतूनच जाणार, काळजी नको.

बाकी सगळ्यांचे आभार, हे असंच हवं होतं. दोन शंका. एक, सौ. म्हणते पहिल्या धुण्यात मिठाचं पाणी केलं की रंग पक्का होतो. करावं का? दुसरं, मुलीने फोनवर झुडिओची एक साइट दाखवली, जीन्स १९९ ला. पेठेतला म्हणतात ऑनलाइन विक्री नाही. मग हे काय?

---

धागादोरा

मिठाचं: वहिनींचं म्हणणं घरोघरी चालतं, पण उपयोग नाही. मूळ समज रंगाईच्या कारखान्यातून आलाय. सुती कापड रंगवताना हौदात मीठ टाकतात हे खरं. मिठामुळे रंग पाण्यातून कापडाकडे ढकलला जातो. पण तो धाग्याला पक्का चिकटतो सोड्याने आणि ठरावीक तापमानाने, मिठाने नाही. एकदा तयार होऊन आलेल्या कपड्याला घरी मीठ लावून काही पक्कं होत नाही. व्हिनेगरचंही तेच. नुकसान नाही, फक्त एक वाटी मीठ वाया.

---

वकीलसाहेब_नाशिक

ती १९९ ची साइट ताबडतोब बंद करा. झुडिओचा माल दुकानातच मिळतो. त्याच नावाने ८० टक्के सूट दाखवणाऱ्या साइट्स कार्डाचा नंबर किंवा आगाऊ पैसे घेऊन गायब होतात. ओळखायची खूण सोपी: पत्त्यात नावापुढे 'सेल', 'ऑफर' असं शेपूट, संपर्कात फक्त व्हॉट्सअ‍ॅप आणि पैसे एखाद्या माणसाच्या नावावरच्या यूपीआयवर. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी फारशी उरत नाही.

याच जातीचा दुसरा प्रकार फ्रँचायझीचा. "तुमच्या तालुक्यात झुडिओ काढून देतो, नोंदणी फी भरा" असे मेल आणि फोन येतात, सोबत टाटांचा शिक्का मारलेलं पत्र. गाळा असलेली शहाणीसुरती माणसंही यात फसतात. गाळा न बघता, करार न करता जो आधी फी मागतो तो भामटाच.

आता बिलाचं. बदलून देण्याची मुदत आणि अटी बिलावर छापलेल्या असतात, त्या काउंटरवरच वाचा. टॅग तोडू नका आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई दोन-तीन महिन्यांत उडते. मन बदललं म्हणून परत देणं ही दुकानाची मर्जी, त्यात हक्क सांगता येत नाही. माल सदोष असेल तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. "एकदा विकलेला माल परत नाही" ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलतात.

---

पेठेतला

बजेट मांडून देतो, भाव थोडे इकडेतिकडे होतील.

टी-शर्ट ४, प्रत्येकी २९९ धरून ११९६. कुर्त्या २, ९९८. जीन्स १, ७९९. सुती पँट १, ५९९. खोलीत घालायच्या ट्रॅक पँट २, ५९८. बेरीज ४,१९०. उरले १,८१० ते मुद्दाम उरवलेत. त्यातून बूट आणि आतले कपडे त्या त्या कंपन्यांचे घ्या.

बुटांचं एवढ्यासाठी सांगतो की फॅशनच्या दुकानातल्या स्वस्त बुटांचं वरचं कातडं म्हणजे बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) थर. दमट हवेत पीयू आतून विघटित होत जातो. न वापरता कपाटात ठेवला तरी पावसाळ्यानंतर खपल्या निघतात. पीयूचा सोलही तसाच, एके दिवशी चालता चालता भुगा. लग्नाकार्यात चारदा घालायची सँडल म्हणून ठीक आहे, रोज कॉलेजला पायपीट करायला नाही. घ्यायचीच तर पट्टा सोलमध्ये नुसता चिकटवलाय की शिवलाय ते बघा आणि सोलवर नख रुतवा. काचेसारखा गुळगुळीत, कडक पीव्हीसी ओल्या फरशीवर घसरतो. पर्स आणि पट्टे यांनाही हेच पीयूचं गणित.

स्वस्तातच हवं तर डेक्कनची हाँगकाँग गल्ली आणि तुळशीबाग आहेच. तिथल्या एक्स्पोर्ट सरप्लसमध्ये (परदेशी ऑर्डरीतून उरलेला किंवा नाकारलेला माल) कापड कधीकधी फार सरस निघतं. पण लेबल कापलेलं असतं, साइजचा आकडा भरवशाचा नसतो आणि बदलून मिळत नाही. टेप घेऊन छाती आणि लांबी इंचात मोजायची, बाह्या दोन्ही सारख्या आहेत ना बघायचं. माल नाकारला गेला तो बऱ्याचदा तेवढ्यासाठीच.

---

सोलापूरकर

हिशेब मुलीला दाखवला. दोनच कुर्त्या पुरणार नाहीत म्हणतेय, पण मान्य. जीन्स एकच आहे तर ती तरी धड असावी. तिच्यात काय बघू?

---

धागादोरा

लेबलवर ९८ कॉटन २ इलास्टेन (ताणला जाणारा धागा, लायक्रा म्हणजे तोच) किंवा ९९-१ शोधा. कॉटन, पॉलिएस्टर, विस्कोस, इलास्टेन असं चौघांचं कडबोळं असेल तर ट्रायल रूममध्ये छान बसते आणि दोन महिन्यांत गुडघ्याला पोंगा येतो, तो जात नाही. इलास्टेन जास्त म्हणजे चांगलं असं नाही. गरम पाणी आणि कडक ऊन यांनी ते आधी मरतं, मग कापड सैल पडतं.

खिशात हात घालून अस्तराचं कापड बघा. जीन्स फाटायच्या आधी बहुतेक वेळा खिसाच फाटतो. खिशाचे कोपरे, पट्ट्याचे लूप आणि चेनचं खालचं टोक, इथे दाट आडवे टाके मारलेले हवेत. चेन अर्धी लावून, तिची चिमटी खाली पाडून पट्टा बाजूला ओढा, चेन सरकता कामा नये. मग ट्रायल रूममध्ये उकिडवं बसायला सांगा. मागून पट्टा पाठीपासून चार बोटं सुटला तर तो कट तिच्या अंगाचा नाही, साइज बदलून फरक पडणार नाही, दुसरा कट बघा. एकाच साइजचे दोन नग नेऊन घालून बघा. गठ्ठ्याने कापलेल्या मालात कमरेला अर्धा-पाऊण इंचाचा फरक असतोच.

---

कांचन_म

आणि लांबी लगेच कमी करायला टाकू नका. आधी दोनदा धुवा, आटायचं ते आटू द्या, मग आल्टरवाल्याकडे. त्याला मूळची दुमड तशीच ठेवून वर जोड द्यायला सांगा, नाहीतर खालची विटलेली कड कापली जाते आणि नवी पट्टी गडद दिसते. कापलेला तुकडा मागून घ्या. वर्षभरात मांडीच्या आतल्या बाजूला कापड विरेल, तिथे आतून लावायला त्याच रंगाचं ठिगळ दुसरीकडे मिळत नाही.